वायर तेवढी बदलायची होती

धाकटा अडुसष्ट वर्षांचा झाला तरी धाकटाच राहिला. त्याला त्या नावाने हाक मारणारी जगात दोनच माणसं होती, दादा आणि वहिनी, आणि त्या दोघांच्या लेखी तो कधी मोठा झालाच नाही. बाकी इमारतीत सगळे त्याला संपूर्णकाका म्हणत. 'संपूर्ण करून देतो' हे त्याचं पालुपद होतं. पंख्याचं सैल झालेलं बटण आवळायला बोलावलं, तर हा पठ्ठ्या पंखा खाली उतरवायचा, पाती धुवायचा, आतलं वंगण बदलायचा आणि जाता जाता दाराची घंटी उघडून बसायचा. तिचाही आवाज म्हणे त्याला पटलेला नसायचा. घरधनीण बिचारी झाडू हातात धरून ताटकळत उभी. काम चोख व्हायचं, त्यात खोट काढायला जागा नव्हती. पण दुसऱ्यांदा त्याला बोलावताना लोक दहादा विचार करायचे.

टेलिफोन खात्यात तो पस्तीस वर्षं तारा जोडत होता. लग्न केलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्याच्याबरोबर एकतीस रेडिओ राहत होते, सगळे जुने, व्हॉल्व्हचे. बटण दाबलं की लगेच बोलायला लागणारी ही जात नव्हे. आधी आतले व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या नळ्या, तापायच्या, अर्धं मिनिट नुसता नारिंगी उजेड, आणि मग कुठे घसा खाकरल्यासारखा आवाज. भंगारातून, माळ्यावरून, कुणी गेल्यावर रिकाम्या होणाऱ्या घरांतून त्याने ते गोळा केले होते. एकेक सेट उघडून, सुटलेले सांधे झाळून, पुसून तो पुन्हा बोलता करायचा. गंमत अशी, की जसजसे सेट बोलते झाले तसतशी स्टेशनं बंद पडत गेली. आता त्या एकतीस जणांना मिळून ऐकवायला दोन स्टेशनं आणि बाकी सगळी खरखर उरली होती. तरी हा नेमाने रोज एकाला लावून बघायचा. माणसाला काहीतरी लागतं.

त्याला काय हवं होतं ते मात्र त्या खोल्यांत नव्हतं. ते वीस मिनिटांच्या अंतरावर, दादाच्या घराच्या दारामागे होतं. आईवडील गेले तेव्हा धाकटा अकरा वर्षांचा होता. वहिनी नवी नवरी. तिने त्याचे दात पडताना बघितले, त्याची गणितं घेतली, तापात त्याच्या उशाशी बसली. आणि तेरा वर्षांपूर्वी त्याच वहिनीने त्याला दार उघडायचं बंद केलं.

झालं होतं असं. दादाचा एक डोळा लहानपणीच गेला होता, दुसऱ्याने कमी दिसायला लागलं. वहिनी म्हणाली, "ह्यांना घेऊन जा आणि चष्म्याचा नंबर तेवढा काढून आण." डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं तर अजून स्वच्छ दिसेल, आजच जागा आहे. नंबर काढून परत येईल तर तो धाकटा कसला? त्याने दादाला पटवलं, सही केली, वहिनीला चकित करायचं म्हणून फोनसुद्धा केला नाही. डोळा चिघळला. महिन्याभरात दादाला उजेड आणि अंधार एवढाच फरक कळायचा, पुढे तोही कळेना. वहिनीने आकांडतांडव केलं नाही. दवाखान्याच्या बाकावर ती एवढंच म्हणाली, "तुला नंबर काढायला सांगितलं होतं." त्यानंतर तो दारात गेला की आतून कडी वाजायची नाही. नऊ वर्षं दादा त्या अंधारात जगला आणि गेला. शेवटच्या दिवशी धाकटा शेजाऱ्यांच्या मागे, जिन्याच्या खालच्या पायरीवर उभा होता. कुणी त्याला वर बोलावलं नाही, आणि आपणहून वर जायची छाती त्याला झाली नाही.

त्यालाही चार वर्षं झाली. आणि एका सकाळी दारावर थाप पडली, बघतो तर वहिनी. तीन जिने चढून धापा टाकत होती. छातीशी चादरीत गुंडाळलेलं काहीतरी धरलेलं. चादर न सोडताच धाकट्याने ओळखलं. त्याने आयुष्यात दुरुस्त केलेला पहिला रेडिओ होता तो. एकोणीस वर्षांचा असताना भंगारातून आणून, बोटं भाजून घेऊन चालू केला होता आणि दादा-वहिनीच्या टेबलावर नेऊन ठेवला होता. छोटासा, लाकडी पेटीचा, एकच मोठं बटण आणि काटा त्या बटणावरच.

"आत ये ना, वहिनी."

"नको. वायर जळली आहे याची, ठिणग्या उडतात. आमचा वायरमन हात लावायला तयार नाही." तिने रेडिओ त्याच्या हातात दिला. "वायर तेवढी बदल. बाकी कशालाही हात लावायचा नाही. झालं की घरी आणून दे."

घरी आणून दे! धाकट्याच्या कानात तेवढेच तीन शब्द शिरले. ती जिना उतरून गेली तरी तो दारातच उभा होता, आणि त्याचे डोळे भरून आले होते.

वायर बदलायला वीस मिनिटं लागली. सकाळचे दहा वाजायच्या आत काम संपलं. सदरा बदलून निघाला असता तर साडेदहाला तो त्या घरात असता. पण मागची फळी लावायला म्हणून त्याने आत डोकावलं आणि तिथेच घात झाला. बोटभर धूळ. कंडेन्सर फुगलेले, त्यांचं मेण ओघळलेलं. एक व्हॉल्व्ह पार थकलेला. तेरा वर्षांनी जायचं आणि असं ध्यान घेऊन जायचं? नुसती वायर बदलून दिली तर वहिनी म्हणेल, याला आमची एवढीच किंमत. शिवाय तिला तरी काय कळतंय रेडिओतलं, म्हणून ती तसं म्हणाली असेल. स्वतःची समजूत काढण्यात धाकट्याचा हात कोण धरणार?

आठ दिवस तो त्या पेटीत डोकं घालून बसला. कंडेन्सर बदलले. त्या जातीचा शेवटचा कोरा व्हॉल्व्ह त्याने स्वतःसाठी जपून ठेवला होता, तो बसवला. पेटीला पॉलिश केलं. बटणाभोवती लाकडावर कसलेसे पाच-सहा टणक ठिपके चिकटले होते, वाळलेल्या डिंकासारखे, बोटांच्या मळाने काळे झालेले. ते पात्याने खरवडून काढले, स्पिरिटने पुसले. आणि मग ती शिट्टी. काटा एका विशिष्ट जागी आला की सेट कर्कश शिट्टी घालायचा, कानात सुई टोचल्यासारखी. तिने दोन दिवस त्याला दमवलं. शेवटी स्टेशन जुळवणाऱ्या कॉइलचे स्क्रू फिरवून फिरवून त्याने ती मुळापासून उपटली. कॉइलचा स्क्रू फिरवण्याआधी तो कुठे होता त्याची पेन्सिलने खूण करायची, म्हणजे फसलं तर माघारी येता येतं, हा या धंद्यातला पहिला नियम. तो इतरांना उठताबसता सांगायचा. या खेपेला त्याने खूण केली नाही. बिघाडाची खूण कोण ठेवतं?

नवव्या दिवशी वहिनीने दार उघडलं. टेबलावर रेडिओच्या आकाराची स्वच्छ जागा तशीच होती, भोवती धुळीची कड. शेजारी दादाची खुर्ची. तिने चहा केला, त्याच्या जुन्या कपात. धाकट्याला वाटलं, सुटलो आपण. त्याने रेडिओ लावला. नळ्या तापल्या आणि गाणं असं लागलं, की गाणारी बाई जणू टेबलापाशीच उभी.

वहिनीने डोळे मिटून बटणाभोवतीच्या लाकडावर बोट फिरवलं. एकदा. मग उलटं.

"इथले ठिपके?"

"ते होय? घाण साचली होती. काढून टाकली."

तिने बटण हळूहळू फिरवायला घेतलं. एका जागी थांबली, जरा मागे आली, पुन्हा पुढे. सेटमधून मऊ शांत खरखर येत राहिली.

"इथे शिट्टी व्हायची."

"हो ना!" धाकटा खुर्चीच्या कडेवर सरकला. "दोन दिवस खाल्ले तिने. पार नाहीशी केली बघ. आता शोधून सापडणार नाही."

वहिनी दादाच्या खुर्चीत बसली.

"ह्यांना हाक मारायला आवडायचं नाही," ती म्हणाली. "हाका मारल्या की आंधळा झाल्यासारखं वाटतं म्हणायचे. ते ठिपके मी घातले होते. मी काटा बघायची, हे बटण धरून बसायचे, आणि स्टेशन लागलं की मी तिथे डिंकाचा थेंब सोडायची. सगळ्यात मोठा थेंब शिट्टीचा. पाणी हवं असलं, उठायचं असलं, नुसतं मी जवळ हवी असले, की हे शिट्टी वाजवायचे आणि मी स्वयंपाकघरातून यायची. नऊ वर्षं." तिने बटणावरचा हात काढला नव्हता. "हे गेल्यावरही मी रोज चार वाजता लावायची. एकदा तेवढं ऐकायचं आणि बंद करायचं."

धाकट्याने हातातला कप खाली ठेवला.

"तुला वायर बदलायला सांगितलं होतं," वहिनी म्हणाली.

"मी परत आणतो, वहिनी. होती तशी. संपूर्ण—" तो शब्द त्याने अर्ध्यावर गिळला.

ती नको म्हणाली नाही, हो म्हणाली नाही. त्याने रेडिओ उचलला आणि घरी आणला.

काढलेले भाग डब्यात होते. फुगलेले कंडेन्सर त्याने होते तिथे पुन्हा झाळले, थकलेला व्हॉल्व्ह पुन्हा बसवला. जन्मभर बिघाड काढलेला माणूस आता बिघाड परत बसवत होता. सेट बिघडला, पण हवा तसा बिघडेना. स्क्रू कुठे होते ते स्क्रूंनाही आठवत नव्हतं. कधी घरघर, कधी पिपाणी, कधी काहीच नाही. त्याचे स्वतःचे एकतीस रेडिओ धूळ खात पडले. तीन आठवड्यांनी एका दुपारी शिट्टी लागली. जवळपास त्याच जागी, जवळपास तशीच. हे 'जवळपास' किती लांबचं असतं ते त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? तरी त्याने बटणाशेजारी डिंकाचा एक मोठा थेंब सोडला, वाळू दिला आणि चारच्या आत वहिनीचं दार गाठलं.

दार उघडलं. तिने रेडिओकडे पाहिलं, बाजूला झाली.

"तू आत जाऊन उभी राहा," तो म्हणाला. "तेव्हा राहायचीस तशी."

ती स्वयंपाकघरात गेली. दादाच्या खुर्चीत बसावं की नाही त्याला कळेना, पण बटणापर्यंत हात तिथूनच नीट पोचत होता. तो बसला. नळ्या तापेपर्यंतचं अर्धं मिनिट संपता संपेना. मग त्याने डोळे मिटले, बोटाने थेंब चाचपला आणि काटा तिथे आणला.

शिट्टी झाली. त्याने ती मोजून तेवढीच वाजू दिली, थांबवली, आणि दाराकडे कान लावला. पाऊल वाजलं नाही. त्याने पुन्हा वाजवली, जरा जास्त वेळ. मग तिसऱ्यांदा.

आत नळ सोडल्याचा आवाज आला, आणि वहिनी भांडी घासायला लागली.