पांढऱ्या टेपचे उस्ताद

चाळीस वर्षं तोंडाला रंग फासून मी रंगमंचावर उभा राहिलो. नाना तऱ्हेचे नट पाहिले. पण माझा मेहुणा, धाकट्या बहिणीचा नवरा, गॅरेजात जो अभिनय करायचा, त्याची सर कुणालाच नव्हती. आवाज खणखणीत, हातात पाना धरायची ऐट तर अशी, की टाळी द्यावी. काम तेवढं येत नव्हतं.

ब्रेकच्या तेलातली हवा काढायला चाकामागे छोटा स्क्रू असतो, त्याला ब्लीडर म्हणतात. तो गळू लागला की शहाणा माणूस नवा घालतो. आमच्या उस्तादांना त्यात कमीपणा वाटायचा. ते पान्याला हातभर पाइप जोडून जुनाच आवळायचे. स्क्रूचं टोक चेपायचं, तेल आणखी गळायचं. मग आट्यांवर नळाची पांढरी टेप गुंडाळायची आणि गिऱ्हाईक यायच्या आत चाकावर रॉकेलचा बोळा फिरवायचा. झाली दुरुस्ती.

बहीण शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायची. एका सकाळी ती गॅरेजात येऊन म्हणाली, "अहो, काल ब्लीडर केलात ना? पेडल अजून खोल जातंय."

"तुझं वजन वाढलंय," मागच्या चाकावर बोळा फिरवत उस्ताद म्हणाले.

मी तिथेच चहा पीत होतो. हसलो. आजही त्याची लाज वाटते.

तिने मागच्या चाकाखाली कोरडं वर्तमानपत्र पसरलं. "बसा आत. आता तुमच्या वजनाने दाबा."

त्याने दाबलं. कागदावर रुपयाएवढा डाग पडला, बघता बघता बशीएवढा झाला.

"जुनं तेल असेल," उस्ताद खाली वाकून म्हणाले.

"चाक तर आत्ताच पुसलंत."

उस्ताद वाक्य विसरले. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणाला विंगेतून शब्द सुचवावासा वाटला नाही.

बारा घरी मुलं दप्तर घेऊन तयार असणार. दोन गिऱ्हाइकांदेखत तिने पहिल्या घरी फोन लावला. "ताई, आज व्हॅन येणार नाही. ब्रेक आमच्या ह्यांनी दुरुस्त केलेत."

ताईंनी पुढे काही विचारलं नाही. एका गिऱ्हाइकाने टेबलावरची आपली किल्ली गुपचूप खिशात घातली.

"अगं, असं सांगतात का लोकांना?"

"मग काय सांगू? माझं वजन वाढलंय?"

तिने दुसरा नंबर लावला. तेव्हा कुठे उस्ताद उठले, दुकानात गेले आणि नवा स्क्रू घेऊन आले. तोवर तिचे बाराही फोन झाले होते.