मागच्या टोकाचा जबाब

लिंबाजी राणीसावरगावचा. घरची कोरडवाहू भाऊ करायचा. हा पूर्णेला रेल्वेच्या गँगमध्ये लागला आणि नोकरीभर रूळ उचलत राहिला. मी त्याच गँगमध्ये होतो.

गाण्यानं काम हलकं होतं असं लोक म्हणतात. ते खोटं आहे. रूळ तेवढाच जड राहतो. गाण्यानं एवढंच होतं की सगळ्यांचा जोर एका वेळी लागतो.

आमची रीत अशी होती. रूळ चिमट्यांत अडकवायचा, चिमट्याच्या दांड्या दोन्ही बाजूंनी धरायच्या आणि एकदम उचलायचं. लिंबाजी पुढच्या टोकाला, सोनपेठकडचा चन्नप्पा मागच्या टोकाला. पुढच्यानं मागं वळायचं नाही. तो वळला की रूळ तिरका होतो आणि मधल्यांच्या मनगटावर वजन येतं. म्हणून सगळं आवाजावर चालायचं. लिंबाजी विचारायचा, "उचलू का?" चन्नप्पा मागून म्हणायचा, "उचला." मग चालताना गाणं, एक ओळ पुढून, एक मागून. जागेवर आलं की लिंबाजी विचारायचा, "ठेवू का?" मागचे पाय मोकळे आहेत का, हे मागच्यालाच दिसतं. त्याचा "ठेवा" आल्याशिवाय कोणी बोट सैल करायचं नाही. मुकादम किशनराव ओरडले तरी नाही.

चन्नप्पा या नियमाचा फायदा घ्यायचा. रूळ हातात, घाम डोळ्यांत, आणि हा गप्प. लिंबाजी परत विचारायचा. मग मागून यायचं, "दम धरा, नाकावर माशी बसली हाय." सगळे रूळ धरून हसायचे. हसताना रूळ धरून ठेवणं फार अवघड असतं.

मुंबईचा एक कॅसेटवाला गाडी चुकली म्हणून पूर्णेला अडकला होता. त्यानं यार्डातून हे गाणं ऐकलं आणि दोघांना मुंबईला नेलं. मागं ऑर्गन आणि ड्रम लावले. "उचलू का? उचला" त्याला आवडलं, ते त्यानं सुरुवातीला ठेवलं. शेवट मात्र कापला. आवाज बारीक करत करत नेला आणि गाणं विरवून टाकलं. लिंबाजीनं विचारलं, ठेवायचं कुठं गेलं? तो म्हणाला, गाणं संपलं असं वाटू नये, परत लावावंसं वाटावं.

तसंच झालं. लग्नाच्या बँडात, रसवंतीवर, एसटी स्टँडवर, सगळीकडे ते गाणं वाजायला लागलं. शहाऐंशी साली तर कळलं की युरोपात जगभरच्या गाण्यांची स्पर्धा आहे, प्रत्येक देशाची एक जोडी गाणार, आणि आपल्या देशाकडून हे दोघं निवडले आहेत. किशनरावांनी गँगला पेढे वाटले. चन्नप्पा म्हणाला, "तिकडच्या रुळाला बी माझ्याशिवाय खाली येता येत न्हाई म्हना."

जायच्या आधी त्याला कावीळ झाली. गावाकडं औषध घेतलं, दवाखान्यात उशिरा नेलं. तो गेला.

कॅसेटवाल्यानं हात टेकले नाहीत. संगीत तिथं टेपवरच वाजणार होतं. चन्नप्पाचा आवाजही टेपवरून येईल, असं त्यानं स्पर्धावाल्यांकडून मंजूर करून घेतलं. लिंबाजी जायला तयार नव्हता. किशनरावांनी देशाचं नाव काढलं. तरी तो चिमटा उचलून कामाला लागला.

चन्नप्पाच्या जागी त्याच्या बायकोला, भागम्माला, स्टेशनात पाणी भरायचं काम मिळालं होतं. स्टेशनासमोर भुजंगचं चहाचं हॉटेल. तिथं दिवसभर ते गाणं वाजायचं. घागर भरताना तिच्या कानावर नवऱ्याचा आवाज यायचा, वाढत जायचा आणि विरून जायचा. थोड्या वेळानं परत "उचला." एक दिवस ती आमच्या गँगपाशी आली आणि लिंबाजीसमोर उभी राहिली.

"भावजी, तुमी जावा," ती म्हणाली. "पर तिथं गानं अर्धं सोडू नका. त्यांच्या हातातलं अजून खाली आलं न्हाई. रोज ऐकायलेय मी. ठेवून या."

 लिंबाजी गेला.

तिकडचं त्यानं मला एकदाच सांगितलं. त्याला फेटा बांधून धोतर नेसवलं होतं. गँगमध्ये आपण खाकी घालतो, हे तो सांगत राहिला, पण कोणी ऐकलं नाही. मंचावर तो पुढं, आवाजाचे भोंगे मागं. "उचलू का?" म्हणाला आणि मागून चन्नप्पा म्हणाला, "उचला." तेव्हा हाताला वजन लागलं, असं लिंबाजी म्हणाला. मनातलं नाही, खरं वजन. बोटं आपोआप मिटली. मागं वळून बघावंसं वाटलं, पण रूळ तिरका होईल म्हणून वळला नाही.

गाणं विरत आलं. लोक टाळ्या वाजवायला लागले. लिंबाजी जागचा हलला नाही. माईकमध्ये त्यानं विचारलं, "ठेवू का?"

टेपमध्ये जबाब नव्हता. हे त्यालाही ठाऊक होतं. तरी तो थांबला, कारण चन्नप्पाची गप्प राहायची सवय होती. टाळ्या थांबल्या. त्यानं परत विचारलं. सगळं सभागृह शांत झालं होतं. मागं कोणीतरी श्वास घेतला, असं तो म्हणाला. बोलायच्या आधी घेतात तसा. बोललं मात्र कोणी नाही. शेवटी दोन माणसांनी त्याला दंडाला धरून आत नेलं.

वेळ ओलांडली म्हणून गुण कापले. कॅसेटवाला विमानात त्याच्याशी बोलला नाही. पूर्णेला गाडीतून उतरला तेव्हा भागम्मा नळापाशी होती. तिनं विचारलं, जबाब आला का? त्यानं नाही म्हणून मान हलवली. मग ती त्याच्या हातांकडे बघत राहिली. दोन्ही मुठी मिटलेल्या होत्या.

त्यानंतर लिंबाजी गायला नाही. काम करायचा, पुढच्या टोकाला कधी उभा राहिला नाही. रिकामा बसला की त्याची बोटं मिटायची. भुजंगला मी गाणं बंद करायला सांगितलं. तो म्हणाला, गिऱ्हाईक मागतं, मी काय करू.

चौऱ्याण्णव साली विद्यापीठाचं नामांतर झालं त्या आठवड्यात बाजार बंद होता. एसटी बंद. भुजंगचं हॉटेलही बंद. स्टेशनासमोर एवढी शांतता मी पहिल्यांदा ऐकली. लिंबाजी आणि मी लिंबाखाली बसलो होतो. भागम्मा घागर खाली ठेवून आली.

"आज टेप बंद हाय," ती म्हणाली. "आज विचारा."

लिंबाजी उठला. तिच्याकडे पाठ करून, गुडघे थोडे वाकवून, काम करताना राहायचा तसा उभा राहिला. ती त्याच्या मागं गेली, रुळाच्या लांबीएवढी. किती लांब जायचं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. बरोबर चन्नप्पाच्या जागी थांबली.

"ठेवू का?"

तिनं आधी आपले पाय बघितले, मागं सरकवले. मग म्हणाली, "ठेवा."

लिंबाजी हळूहळू वाकला. पाठ सरळ ठेवून, वजन मांड्यांवर घेऊन, जसं ठेवायला पाहिजे तसं. हात जमिनीला लागले आणि एक एक बोट उघडलं. तो तसाच बसला आणि मोठ्यानं श्वास घ्यायला लागला. भागम्मानं तोंडाला पदर लावला. मीसुद्धा माझे हात उघडून बघितले.

समोर भुजंगनं घरच्यांच्या चहासाठी अर्धं शटर वर केलं. आतून बटण दाबल्याचा आवाज आला.

ऑर्गन वाजला. "उचलू का?" लिंबाजीचाच तरुण आवाज म्हणाला.

"उचला," चन्नप्पा म्हणाला.

जमिनीवर लिंबाजीची बोटं मिटली.