चुली पुसा, नाहीतर फळा सोडा

मुज्तबाला मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा तो दिसलाच नाही. लातूरच्या त्या क्लासात खडूची इतकी धूळ उडाली होती की तीन दुष्काळांची मिळून तेवढी उडाली नसेल. ढगातून आधी खोकला बाहेर आला, मग चष्मा, आणि पाच-सात मिनिटांनी उरलेला माणूस. फळ्यावर चुली, दारं आणि एक हडकुळी म्हैस. मला वाटलं, गुरांच्या डॉक्टरांचा तास असावा. तो सॉफ्टवेअरचा आराखडा होता.

भूकंपानंतर मुज्तबा घरवाटपाच्या याद्या कॉम्प्युटरवर चढवायचा. प्रोग्राम लिहिण्याआधी तो गावकऱ्यांना चित्र काढून दाखवी. एका छपराखाली दोन चुली दिसल्या की दोन कुटुंबं, म्हणजे दोन घरं. हे त्याला साहेबांनी नाही, पार्वतम्मानं शिकवलं. "माझी अन् जावंची चूल अलग हाय, बाबा. तू एकच काढलास!" पुढं मुज्तबा लातूरच्या क्लासात हीच चित्रं शिकवू लागला, आणि तीच पार्वतम्मा तिथं येऊन झाडलोट करू लागली.

मग सॉफ्टवेअरच्या आराखड्यांसाठी जगभर एकच चित्रलिपी ठरली. चौकोन, रेघा, पोकळ बाण. बंगळुरूचं चित्र लातुरात कळावं, हा हेतू चांगलाच होता. फक्त ज्याचं घर, त्याला ते कळेना. विद्यापीठानं ती परीक्षेला लावली आणि क्लासचे मालक मन्मथअप्पा म्हणाले, "मुज्तबाभाई, चुली पुसा. न्हाईतर फळा सोडा."

"पालकांनाच ठरवू द्या, अप्पा," मुज्तबा म्हणाला. लोकांना समजून घ्यायला आवडतं, असा त्या भल्या माणसाचा समज होता. चाळिशीपर्यंत टिकलेला.

पालकसभेत घरवाटपाच्या एकाच यादीची दोन चित्रं लावली. चौकोनांचं विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून आलेल्या हरिओम सरांचं, चुलींचं मुज्तबाचं. चौकोनांपुढं पालक देवळात उभे राहावेत तसे हात जोडून उभे राहिले. तेवढ्यात पार्वतम्मा झाडू टेकवून म्हणाली, "ह्या घरात चूल हाय, माणूस न्हाई. घर कुणाला देऊ लागलाव?"

चूक खरी होती. चौकोनांतही तीच होती, पण ती कुणालाच दिसली नव्हती, खुद्द हरिओम सरांनाही. टाळ्या पडल्या. मुज्तबाच्या चष्म्यावर वाफ धरली.

मग अहमदपूरचे किशनराव उठले. "बाई लई हुशार हाय. पण पेपर बाई देणार का माझी पुनम?"

हॉल हसला. सगळ्यात आधी पार्वतम्मा हसली. मुज्तबाही हसला, थोडा उशिरा.

"पण अप्पा, पोरांना कळलं तरी पायजे ना?" त्यानं विचारून पाहिलं.

"कळायला उभं आयुष्य हाय," मन्मथअप्पा म्हणाले. "मार्काला तीनच तास."

सोमवारपासून हरिओम सर शिकवू लागले. परीक्षेत घरवाटपाचाच प्रश्न आला. पुनमनं पाठ केलेली आकृती त्याच चुकीसकट काढली आणि तिला ऐंशीपैकी शहात्तर पडले. मुज्तबा आता नायगावला झेरॉक्सच्या दुकानात असतो.