शेवटचा अंक

सर फळ्यावर ७३९३९१३३ लिहायचे आणि शेवटचा तीन अंगठ्यानं पुसायचे. डस्टर त्यांना चालत नसे. "पाहा, अजूनही मूळ संख्या! एक आन् ते स्वतः, बाकी कोनानंच भाग जात नाही." मग पुढचा तीन पुसायचे. "अजूनही मूळ!" असं करत करत एकटा सात उरायचा. त्या साताकडे ते अशा कौतुकानं बघायचे की जणू तो त्यांच्याच घरात जन्मला होता. या संख्येची आणखी एक गोष्ट ते सांगत, पण मराठीच्या मास्तराच्या ती कुठली लक्षात राहायला!

आर्णीच्या शाळेत ते गणित शिकवायचे, मी मराठी. राहायलाही शेजारीच. असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. नसेल तर नशीबवान आहात.

गणितात कच्च्या पोरांना ते 'शेवटचा अंक' म्हणत. "तू उठून गेला तरी वर्गाचं काही बिघडत नाही," हे हसत हसत सांगायचे. पोरगं रडलं की अंगठा हवेत फिरवायचे.

त्यांच्या एकुलत्या मुलीनं घाटंजीच्या शिंप्याशी स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं, तेव्हा फाटकावरच्या पाटीतलं तिचं नाव त्यांनी ब्लेडनं खरवडलं.

"सर, पोटची पोर आहे," मी म्हणालो.

"शेवटचा अंक गेला. मी अजून मूळच आहो."

पुढे त्यांच्या पत्नी वारल्या. आईचं तोंड पाहायला मुलगी फाटकाबाहेर येऊन उभी राहिली. सरांनी आतून कडी लावली. तिरडी निघाली तेव्हा चेहरा आधीच झाकून घेतला होता. तेरावं झालं आणि पाटीवरचं बाईंचं नावही गेलं. मला त्या माणसाची किळस आली.

मागच्या उन्हाळ्यात सर अंथरुणाला खिळले. डॉक्टरांनी आशा सोडली. मला बोलावून म्हणाले, "पोरीले घेऊन या. एकडाव पाहाचं आहे." त्यांनी कुणाकडे काही मागितल्याचं मी प्रथमच ऐकत होतो. मोटरसायकल काढली आणि घाटंजीला गेलो.

मुलगी नवऱ्याच्या दुकानात कापड बेतत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग शिंप्याच्या खडूनं काळ्या कापडावर तीच संख्या लिहिली.

"काका, शेवटून पुसत गेलं तं मूळ राह्यते, हे साऱ्यायलेच माहीत आहे. आता याच्या शेवटी एखादा अंक जोडून पाहा. कोनताही जोडा, मूळ राह्यतच नाही. हेही बाबानंच शिकवलं."

"मरून राह्यले ते, बाई."

"माही मायही मेलतीच."

तिनं कात्री उचलली. मी निघालो.

काहीतरी खोटं सांगायचं मी वाटेत ठरवलं होतं. पण सरांनी माझा चेहरा पाहिला. "काय म्हणाली? जसंच्या तसं सांगा." सांगितलं. मग वही तपासताना म्हणायचे तसे म्हणाले, "बरोबर आहे."

त्याच आठवड्यात गेले. मुलगी आली नाही. पाटी अजून फाटकावर आहे; खरवडलेल्या दोन जागांच्या वर त्यांचं एकट्याचं नाव. ते पुसायला कुणी उरलेलं नाही.