बाबांचा जर्मनीतला व्हाळ

माझा धाकटा भाऊ जर्मनीत राहतो आणि त्याच्या घरामागून एक व्हाळ वाहतो. व्हाळ म्हणजे ओढाच, आम्ही मालवणकडचे लोक त्याला व्हाळ म्हणतो. इतका लहान, की एक उडी मारली की पलीकडे. त्या टीचभर पाण्याने दोन वर्षं माझं डोकं फिरवलं होतं.

गावी बाबांचे गुडघे गेले आणि ते ओटीवरच्या खुर्चीत अडकले. त्याआधी दरवर्षी दिवाळी झाली की वाडीतल्या माणसांना घेऊन बांध तेच घालायचे. दगड, पाला नि चिखल रचून व्हाळ अडवायचा आणि ते पाणी पाटाने वायंगणाच्या, म्हणजे हिवाळ्यात लावायच्या भाताला द्यायचं. पहिला दगड कुठे बसवायचा, हे बाबांशिवाय कोणी ठरवत नसे. आता त्यांना पाण्यापर्यंत जाता येईना, म्हणून भाऊ दर रविवारी त्याच्या व्हाळाकाठी थोडं थोडं चालून व्हिडिओ पाठवायला लागला.

उगमापाशी तर पाणी दिसतच नव्हतं. उंच झाडांखाली नुसती भिजलेली पानं. मग एक बोटभर धार कुरणात उतरते, गाईंच्या कुंपणालगत वळणं घेते, गावाखालच्या मोरीत शिरते आणि पलीकडे एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीपाशी बाहेर येते. तिथला जुना दगडी बांध काढून टाकलाय, मासे वर चढावेत म्हणून, असं भावाने त्या व्हिडिओत सांगितलं होतं. पुढे काठावरच्या झाडांची मुळं पाण्यात उतरलेली, आणि मग नदी. बाबा प्रत्येक व्हिडिओ चार चार वेळा बघत.

मी असतो ओमानात. इथे सुट्टी शुक्रवारची, रविवार कामाचा. रुसैलच्या आमच्या कारखान्यात प्लास्टिकच्या पाण्याच्या टाक्या बनतात. जेवणाच्या सुट्टीत त्या रिकाम्या टाक्यांच्या सावलीत बसून मी तो व्हाळ बघायचो. शुक्रवारी बाबांना फोन केला की पहिला प्रश्न, "बघलंस मा? पाणी वाढला." गुडघ्यांसाठी डॉक्टर मी शोधले, ओटीला कठडा मी लावून घेतला, आणि कौतुक कोणाचं, तर पाण्यासमोर फोन धरणाऱ्याचं.

एकदा मीही माबेलातल्या आमच्या इमारतीमागच्या वादीचा व्हिडिओ बाबांना पाठवला. वादी म्हणजे इथली नदी, आमच्या बोलीत न्हय. वर्षातले दोन-चार दिवस पाणी, एरवी नुसते दगडगोटे. बाबांनी विचारलं, "पाणी खय?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "पोटात दुखत असेल तर ओवा देऊ?" दुखत होतंच. मी जळत होतो, आणि तेही सख्ख्या भावावर.

दिवाळीनंतर त्याचा फोन आला. "दादा, बाबांसाठी हय बांध घालतंय. दगड नि पालो, आपल्यासारखोच. घालू मा?"

मला गिरणीचा व्हिडिओ लख्ख आठवला. माशांसाठी जुना बांध काढणारे लोक नवा कसा चालवून घेतील? तोंडाशी आलेलं मी गिळलं. "घाल रे," मी म्हटलं. "बाबांक बरा वाटतला."

त्याने घातला. तिघांच्या व्हिडिओ कॉलवर बाबा एकेक दगड सांगत होते, तो बसवत होता आणि त्याची सहा वर्षांची मुलगी चिखल थापत होती. बाबा खुर्चीतून अर्धे उठले होते. मी टाक्यांच्या सावलीत बसून ते बघितलं आणि डबा तसाच बंद केला.

तिसऱ्या दिवशी नगरपालिकेची माणसं आली. त्यांनी आवाज न चढवता सगळं समजावून सांगितलं आणि भावाला स्वतःच्या हाताने बांध मोडायला लावला. मुलगी खूप रडली म्हणे. मला वाईट वाटलं, पण आधी बरं वाटलं.

शुक्रवारी मी मुद्दाम लवकर फोन केला. बाबा आता त्याला बोल लावतील, ते मला ऐकायचं होतं. ते काहीच म्हणेनात, तेव्हा मीच म्हटलं, "माशे वर चढूचे म्हणान त्यांनी गिरणीकडचो बांध काढलो. थय नवो चलाचो नाय, ह्या तेका कळाक व्हया होता."

"तुका ठावक होता?" बाबांनी विचारलं.

"व्हिडिओत सांगितल्यान होता."

"मगे तेका कित्याक सांगूक नाय?"

इकडे एसीचा आवाज, तिकडे कोणीतरी झाडू मारत होतं. मला वाटलं, आता शिव्या बसतील. बसल्या असत्या तर बरं झालं असतं.

पण बाबांनी विचारलं, "तुझी ती सुकी न्हय, ती खयसून येता रे?"

दोन वर्षं मी ह्याच प्रश्नाची वाट बघत होतो. ती कुठल्या डोंगरातून उतरते, समुद्राला कुठे मिळते, मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

"बघून सांगतंय, बाबा," मी म्हटलं. बारा वर्षं मी तिच्या काठाला गाडी लावतो.