इल्मानं दार ओढलं तेव्हा

इल्मा आमच्या शाळेतली. बुडापेस्टच्या एका नाटकगृहात पस्तीस-एक वर्षं ती पोशाख शिवत होती. राण्यांचे झगे, शिपायांचे कोट, सगळं तिच्या मशीनखालून जायचं. जीभ सुईपेक्षा टोकदार. माझ्या घरी यायची ती पाचव्या मजल्यापर्यंत जिने चढून, आणि धापा टाकत म्हणायची, "नोएमी, लिफ्टनं माणूस आळशी होतो." मला ते खरंच वाटायचं.

बर्नाट आणि लोरांतही आमच्या शाळेतलेच. बर्नाट साठ वर्षांचा झाला तेव्हा त्यानं मेजवानी दिली नाही. जन्मभर बस चालवलेला माणूस, सगळ्यांची थट्टा करण्यात पटाईत. त्यानं फोन केला, "शहराच्या सातव्या विभागात एक तळघर आहे. आपल्याला आत कोंडतात, कोडी सोडवली की बाहेर. लोरांतला सांगितलंय. इल्मालाही आण."

मी इल्माला फोन केला. ती म्हणाली, "येते." नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं, हे तिनं मला नंतर सांगितलं.

नोव्हेंबरची दुपार होती. जुन्या इमारतीच्या चौकातून दगडी पायऱ्या खाली गेल्या होत्या. तिथल्या मिशीवाल्या माणसानं आम्हाला आत नेलं. खोली जुन्या औषधविक्याच्या दुकानासारखी सजवली होती: बाटल्या, तराजू, एक हाडांचा सापळा. "दार विजेच्या कुलपानं बंद होतं," तो म्हणाला. "कुणाला जड गेलं तर हे लाल बटण दाबा, लगेच उघडेल." आणि गेला. कुलूप खट्ट वाजलं.

मी इल्माकडे पाहिलं. ती दाराला पाठ लावून उभी होती, पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरून.

"इल्मुश, तिथं काय राखण करतेस? ये, सापळा तुझ्या मापाचा आहे, कोट शिव त्याला," बर्नाट म्हणाला.

"तुझाच घेऊन ठेवते माप, लवकरच लागेल," ती म्हणाली. पण आवाज नेहमीचा नव्हता.

आम्ही बाटल्या उलट्यापालट्या करत होतो. गणिताचा मास्तर असलेल्या लोरांतला एका पेटीच्या कुलपाचे आकडे जवळजवळ सापडले होते, आणि तेवढ्यात दिवे गेले.

आधी वाटलं हा खेळाचाच भाग. बर्नाट भुतासारखा घुमला. कुणी हसलं नाही. भिंतीतलं गुरगुरणारं हवेचं यंत्रही बंद पडलं होतं, आणि त्या शांततेत लक्षात आलं की हे खेळातलं नाही. फोन तर वरच कपाटात ठेवून घेतले होते.

"बटण," मी म्हणाले. लोरांत चाचपडत गेला, दाबलं. काहीच नाही. त्यानं दाराला खांदा लावून ढकललं. मग बर्नाटनं. दार हललं नाही. आम्ही हाका मारल्या, मुठी आपटल्या. वरून उत्तर नाही.

"हवा पुरेल ना रे?" बर्नाटनं विचारलं. त्याच्या आवाजात आता विनोद नव्हता. अंधार अंगावर ओलं ब्लँकेट टाकल्यासारखा बसला होता. त्यात मला एक बारीक आवाज ऐकू येत होता, कुणाचे तरी दात वाजत होते.

"इल्मा?"

मी गुडघ्यांवर सरकत गेले. ती दाराशी जमिनीवर बसली होती, हात बर्फ झालेले. मी धरला तर तिनं माझी बोटं इतकी आवळली की दुखलं.

"ढकलू नका," ती पुटपुटली.

"काय?"

"आपण आत आलो तेव्हा दार आतल्या बाजूला उघडलं होतं. मी बघते नेहमी. दारं कुठल्या बाजूला उघडतात ते बघते." एकेक शब्द ओढून काढल्यासारखा येत होता. "वीज गेलीय. कुलूप विजेचं आहे. सुटलं असेल."

ती उठली नाही. बसल्या बसल्या वर हात नेऊन कडी शोधली आणि स्वतःकडे ओढली. दार जडपणे, पण उघडलं. पायऱ्यांवरून राखाडी उजेड आत आला. मिशीवाला विजेरी घेऊन धावत खाली येत होता. सगळ्या गल्लीची वीज गेल्यामुळे तो फ्यूजची पेटी बघायला मागं गेला होता. तो पुन्हा पुन्हा माफी मागत होता.

इल्मा चौकात जाऊन भिंतीला टेकली आणि ओकली. मग रडली. आम्ही तिघं खुळ्यासारखे उभे.

कोपऱ्यावरच्या खाणावळीत अजूनही वीज नव्हती, पण गॅसवर वाईन गरम करून मिळाली. तिथं ती बोलली. तिची आई कापडगिरणीत रात्रपाळीला जायची. सहा वर्षांच्या इल्माला घरात ठेवून बाहेरून कुलूप लावायची, आणि बजावून जायची: आवाज करू नकोस, शेजारी तक्रार करतील. एका पहाटे आईला ट्रामनं धडक दिली. दवाखान्यात ती बेशुद्ध. शुद्धीवर येऊन ती परतेपर्यंत इल्मा दोन रात्री त्या कुलूपबंद घरात एकटीच होती. भूक लागली, भीती वाटली, पण ओरडली नाही, कारण आईनं सांगितलं होतं.

"इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?" बर्नाटनं विचारलं. तो पेल्याकडे बघत होता. "मी तुला आज तिथं नेलंच नसतं."

"तू सापळ्याला कोट शिवायला सांगत होतास. तेव्हा सांगायचं होतं?"

त्यानं मान खाली घातली. "माफ कर, इल्मुश."

"आई परत आली तेव्हा काय म्हणाली?" मी विचारलं.

"काही नाही. कोटसुद्धा काढला नाही. तशीच शेगडीपाशी उभी राहून माझ्यासाठी दुधात रवा शिजवायला लागली. एका हातानं. दुसरा प्लास्टरमध्ये होता." इल्मानं नाक पुसलं. "करपला होता. मी सगळा खाल्ला."

लोरांतनं आपली खुर्ची तिच्या जवळ सरकवली.