दोन्ही बाह्या डाव्या

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे ‘घाई’ म्हणायचे. साडेपाचला मशिनं बंद झाली की दोन मिनिटांत ही फाटकाबाहेर. ना चहाला थांबणार, ना गप्पांना. वय तेवीस, पदरात चार वर्षांची लेक आणि नवरा नाही. मग काय विचारता! कुणी म्हणे, बाहेर कुणीतरी वाट बघत असणार. बघत होतंच की! सहाला पाळणाघर बंद व्हायचं आणि लेक दप्तर पाठीला अडकवून पायरीवर बसलेली असायची. तिला ताप आल्याचा निरोप आला तरच आई त्याआधी यायची. पण हिला सरळ विचारणार कोण? विचारलं असतं तर गप्पांतली मजाच गेली असती.

मुलीचा बाप, मूल होणार हे कळल्याबरोबर जो पसार झाला तो झाला. लाज सोडली त्याने आणि लोक नावं ठेवणार हिला. मला तर अशा लोकांचा संताप येतो.

सगळ्यात जास्त तोंड चालायचं ते काज-बटणाच्या मशिनवरच्या काकूंचं. ‘आजकालच्या पोरी...’ एवढं म्हणून त्या असा सुस्कारा सोडायच्या, की पुढचं ऐकणाऱ्याने आपलं आपण समजून घ्यावं.

अशात कटिंग मास्तरांची निवृत्त व्हायची वेळ आली. कापणाऱ्याचं काम सकाळी सातला सुरू होऊन साडेतीनला संपायचं. घाईला ते काम हवंच होतं. चार वाजता लेकीला घेता आलं असतं, उजेडात तिच्याशी खेळता आलं असतं. दोन वर्षं जेवणाच्या सुट्टीत डबा अर्धा टाकून ती मास्तरांच्या शेजारी उभी राहून शिकली होती.

“हात चांगला आहे पोरीचा,” मास्तर म्हणाले.

“हात असेल हो, लक्ष नको?” मालकीणबाईंनी नाक मुरडलं. “एकटी बाई, घरी लहान मूल. एक दिवस साठ थर वाया घालवून ठेवेल.”

मास्तरांनी फारच लावून धरलं, तेव्हा त्या कशाबशा तयार झाल्या. एकदाच संधी. सदऱ्यांच्या कापडाचे साठ थर एकावर एक. जमलं तर टेबल तिचं. नाही जमलं तर शिलाईवर परत, आणि विषय पुन्हा काढायचा नाही.

त्या कारखान्याची एक रीत होती. कापणाऱ्याने पुठ्ठ्याचे नमुने ठेवून खडूने आखायचं, पण ‘काप’ म्हणायचं दुसऱ्याने, टेप लावून सगळं तपासल्यावर. तो ‘काप’ म्हणाला, की पुढची चूक दोघांची.

घाईने आखलं आणि विचारलं, “बघता का कुणी?”

झालं! प्रत्येकीला एकदम आपापलं काम आठवलं. मास्तर तिचे गुरू, त्यांना तपासायला मनाई होती. शेवटी काकू उठल्या. खोड काढायला निघाल्यात हे सगळ्यांनी ओळखलं, आणि ते खरंच होतं.

काकूंनी गळा मोजला, छाती मोजली, खांदा दोनदा मोजला. मग बाह्यांपाशी त्यांचा हात थांबला.

“ही डावी?”

“हो.”

“आणि ही?”

दुसऱ्या बाहीसाठी पुठ्ठा उलटा करायचाच राहिला होता. ही पण डावीच. साठ सदरे आणि एकशे वीस डाव्या बाह्या!

नेमक्या तेव्हाच मालकीणबाई आत आल्या. “काय झालं?”

तिला खडू पुसून गप्प बसता आलं असतं. ती म्हणाली, “चुकलं माझं. बाहीचा नमुना उलटायचा राहिला. काकूंनी पकडलं.”

“वाटलंच मला! घरी हा असला व्याप, डोकं ठिकाणावर राहणार कसं?”

“घर कशाला मध्ये आणता?” काकू एकदम कडाडल्या. “ही रीत पडली कुणामुळे? मास्तरांनी हेच तीनदा केलंय, ते पण कापून! तेव्हा विचारलंत का त्यांच्या घरी काय चाललंय?”

मशिनं थांबली. कोपऱ्यात मास्तर चष्मा पुसत होते.

“चारदा,” ते म्हणाले. “एकदा तुम्ही रजेवर होतात.”

सगळीकडे हशा पिकला. मालकीणबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

“आणि तू काय बघत राहिलीस गं?” काकू घाईवर घसरल्या. “पूस ते, आणि धड आख!”

तिने पुन्हा आखलं. काकूंनी गळ्यापासून सगळं पुन्हा मोजलं, मग टेप गळ्यात टाकून म्हणाल्या, “काप.”

कापून झाल्यावर मालकीणबाईंनी वरच्या आणि तळाच्या थरातल्या बाह्या जोडून पाहिल्या. “सोमवारपासून सातला ये,” एवढंच म्हणाल्या.

सोमवारी चार वाजता ती पाळणाघराच्या दारात उभी राहिली. “काय गं, कामावरून काढलं की काय?” तिथल्या बाईंनी विचारलं. एवढं सगळं होऊन लोकांचं आपलं तेच! ती हसून आत गेली.

आत लेक चित्र रंगवत होती. आईला बघून तिने खडू खाली ठेवला आणि घाबरून स्वतःच्या कपाळाला हात लावला.

“आई, मला ताप आलाय?”

“नाही गं राणी. आता मी रोज याच वेळेला येणार.”

तरी पोरीने दोनदा कपाळ चाचपून बघितलं.